लेकरू शिकायला निघतं तेव्हा

जुलै महिन्यात गोंदिया जिल्ह्यातल्या घरांवर दोन कामं एकदमच येऊन पडतात. बांधीत चिखल तयार असतो, रोवणीला मजूर मिळत नाहीत, आणि त्याच आठवड्यात मुलाची नाहीतर मुलीची ॲडमिशन पक्की होते. बाप एक दिवस रोवणी सोडून नागपूरला जातो. फी भरतो, दोन-तीन खोल्या पाहतो, त्यातली किरायानं परवडणारी ठरवतो, गादी-बादलीची सोय लावतो आणि रात्रीच्या गाडीनं परत येतो. माय डब्यात चिवडा, लोणचं, जवसाची चटणी भरून देते. तयारी झाली असं दोघांनाही वाटतं. तब्येतीचं आणि सुरक्षेचं काय ठरवलं असं विचारलं, तर बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतं : "रोज फोन करतो ना!"

रोजचा फोन हवाच. पण तो ऐकून पाहा. "जेवला का?" "हो." "बरं आहे ना?" "हो." "अभ्यास?" "चालू आहे." ताप असतानाही हीच उत्तरं येतात, मेसचं जेवण बंद असतानाही हीच, आणि कोणी छळत असतानाही हीच. मुलं खोटारडी असतात म्हणून असं होत नाही. खरं सांगितलं तर घरी काय होईल, याचा हिशेब त्यांनी आधीच केलेला असतो. बाबा रागावतील, माय जेवणार नाही, शिक्षण सोडून परत बोलावतील, पैशाचा विषय निघेल. म्हणून या लेखात आरोग्य, रस्ता, खोली, रॅगिंग, मन अशा बऱ्याच गोष्टींचा आढावा घेतला असला, तरी माझा मुद्दा एकच आहे : वाईट बातमी घरी सांगायला मुलाला भीती वाटू नये, एवढं काम पालकांनी केलं तर बाकीची बरीच कामं सोपी होतात.

आधी आपली मुलं शिकायला जातात कुठे ते पाहू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. गोंदिया शहरात मनोहरभाई पटेलांनी उभारलेल्या शिक्षण संस्थेची महाविद्यालयं आहेत, २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आमगाव, तिरोडा अशा तालुक्यांच्या गावीही कॉलेजं आहेत. सालेकसा, आमगाव, तिरोड्याची मुलं रेल्वेनं अपडाउन करतात. देवरीला रेल्वे नाही, तिथली मुलं एसटीवर आणि मोटरसायकलवर अवलंबून. बारावीनंतर मोठा लोंढा नागपूरला जातो. स्पर्धा परीक्षेचं वेड लागलेली मुलं महाराष्ट्र एक्स्प्रेसनं थेट पुण्याला उतरतात. ही गाडी गोंदियातूनच सुटते, त्यामुळे गोंदियाच्या फलाटावर पोराला जागेवर बसवून खिडकीशी उभे राहिलेले आई-वडील हे नेहमीचं दृश्य आहे. अपडाउन करणाऱ्याची काळजी वेगळी, खोली घेऊन राहणाऱ्याची वेगळी, आणि पुण्याला चार वर्षं परीक्षा देत बसलेल्याची अगदीच वेगळी.

आजारांत मी सिकलसेलपासून सुरुवात करतो, कारण पूर्व विदर्भात हा विषय टाळून विद्यार्थ्यांच्या आरोग्यावर बोलणं म्हणजे बोलल्यासारखं करणं. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा सगळा पट्टा या आजाराचा. आदिवासी समाजांत, अनुसूचित जातींत आणि काही ओबीसी समाजांतही तो आढळतो. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तर मूल रुग्ण होतं, रिपोर्टवर 'एसएस' लिहिलेलं असतं. एकाकडूनच आलं तर ते वाहक, म्हणजे 'एएस'. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हात-पाय, पाठ, सांधे असे दुखतात की मुलगा गादीवर तळमळतो. पाणी कमी पडलं, थंडी वाजली, ताप आला, दमछाक झाली, जागरण झालं, की हे दुखणं उसळतं.

आता हाच मुलगा कॉलेजात गेला आहे असं समजा. परीक्षेच्या काळात जागतो, पाणी प्यायचं विसरतो, डिसेंबरात गार पाण्यानं अंघोळ करतो. घरी असताना माय म्हणायची, "स्वेटर घाल, पाणी पी." खोलीवर ते कोणी म्हणत नाही. शिवाय त्यानं खोलीतल्या मित्रांना आजार सांगितलेलाच नसतो, कारण घरातूनच बजावलेलं असतं : "कोणाला सांगू नको, उद्या लग्नाला अडचण येईल." ही शिकवण फार महागात पडते. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागलं, तर शेजारच्या गादीवरच्या मित्राला काहीच माहीत नसतं. दवाखान्यातल्या डॉक्टरलाही माहीत नसतं. मग साध्या अंगदुखीची गोळी मिळते आणि मोलाचे तास जातात.

माझं पालकांना स्पष्ट सांगणं आहे : लपवू नका. निदान एका मित्राला, एका शिक्षकाला आणि वसतिगृहाच्या अधीक्षकाला माहीत असू द्या. तपासणीचा मूळ रिपोर्ट घरी ठेवा, त्याचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये ठेवा. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या चालू असतील तर जिथं शिकायला जाणार तिथल्या सरकारी रुग्णालयात आधीच नाव नोंदवा, म्हणजे गोळ्यांचा खंड पडणार नाही. १०१ च्या वर ताप, छातीत दुखणं, धाप लागणं, एका बाजूचं बळ जाणं, पोटात डावीकडे अचानक फुगल्यासारखं होणं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही, हे मुलाला आणि त्याच्या मित्रालाही पाठ असलं पाहिजे. अशक्त दिसतो म्हणून मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या मनानं आणून देणंही थांबवा. सिकलसेलमधला रक्तक्षय आणि लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय वेगळे आहेत.

या आजाराबाबतचं सरकारी काम अलीकडे वाढलं आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य आहे. म्हणजे कॉलेजातली सगळी मुलं त्यात येतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेलची नोंद आहे. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ मागता येतो, एसटीत प्रवासाची सवलत मिळते. पण मागणी करावी लागते, आणि ती करायला आजार कबूल करावा लागतो. पुन्हा गाडी त्याच ठिकाणी येऊन थांबते. नागपूरचे संपत रामटेके हे सिकलसेल असलेल्या मुलाचे वडील. त्यांनी लपवलं नाही, इतर पालकांना गोळा केलं, सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. त्यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एका बापानं तोंड उघडलं म्हणून किती घरांना बोलता आलं, हे आपल्याच विदर्भात घडलेलं आहे.

वाहक मुलांबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्याकडच्या पोलीस भरतीशी जोडलेली आहे. गावागावांत पहाटे पोरं धावायला निघतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. 'एएस' असलेला मुलगा एरवी ठणठणीत असतो, पण उन्हात, पाणी न पिता, एकदम जीव तोडून धावलं तर क्वचित कोसळू शकतो. त्यानं धावूच नये असं नाही. हळूहळू वाढवत न्यावं, पाणी प्यावं, अंगात ताप असताना धावू नये, आणि पायात विचित्र कळ आली की थांबावं. आपला रिपोर्ट 'एएस' आहे की सामान्य, म्हणजे 'एए', हे मात्र भरतीच्या मैदानात उतरण्याआधी माहीत असायला हवं.

धावण्याचा विषय निघाला म्हणून रस्त्याचंही इथंच बोलतो. गावात मैदान नसतं, डांबरी रस्ता सरळ असतो, म्हणून पोरं रस्त्यावर धावतात. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात काटली गावाजवळ पहाटे रस्त्याच्या कडेला व्यायाम करणाऱ्या मुलांना ट्रकनं उडवलं, चार मुलं गेली. ही बातमी वाचून हळहळलेल्या पालकांनी दुसऱ्या दिवशी आपल्या पोराला विचारलं का, की तू कुठे धावतोस? शाळेचं पटांगण पहाटे उघडून द्या म्हणून ग्रामपंचायतीकडे जाणं हे पालकांचं काम आहे, ते एकट्या पोराला जमत नाही. अपडाउनच्या रस्त्यांचंही तसंच. २९ नोव्हेंबर २०२४ ला सडक अर्जुनी तालुक्यात खजरीजवळ शिवशाही बस उलटून ११ प्रवासी दगावले. बसमध्ये आपण काही करू शकत नाही, मोटरसायकलवर करू शकतो. हेल्मेट घ्यायला हजार रुपये नाहीत म्हणणाऱ्या घरात मोबाइल पंधरा हजारांचा असतो. अकरावीतल्या, अठरा पूर्ण न झालेल्या मुलाच्या हातात गियरची गाडी देणाऱ्या पालकाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. कायदा कडक आहे, पण त्याआधी रस्ताच कडक आहे. अपघात झालाच तर १०८ ला फोन करायचा. आणि कोणताही दवाखाना 'आधी पोलीस, आधी नातेवाईक' म्हणत तातडीचा उपचार अडवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगून ठेवलं आहे.

आता खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून पानठेल्यावर मिळणारी ही पुडी विदर्भातल्या कॉलेजच्या मुलांच्या खिशात किती सहज सापडते, हे कोणत्याही बसस्थानकावर पाहता येतं. छत्तीसगडच्या सीमेकडच्या गावांत गुडाखूही चालतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई आहे. तरी ठेला फाटकासमोरच असतो. दारू प्यायलेला मुलगा घरात लगेच कळतो, खर्रा खाणारा कळत नाही, आणि कळला तरी मोठं काही वाटत नाही, कारण बापाच्याही खिशात तीच पुडी असते. बापानंच लहानपणी पोराला ठेल्यावर धाडलेलं असतं : "जा, माझ्या नावानं एक घोटून आण."

सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी घट्ट होत जाते. आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडणं कमी होतं. आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात जात नसतील तर दाताच्या डॉक्टरकडे जायची वेळ झाली आहे असं समजावं. ही घट्टपणाची स्थिती पूर्ण पूर्ववत होत नाही, आणि पुढं तिथंच कॅन्सर होण्याचा धोका असतो. वीस वर्षांच्या मुलाला घास घेता येत नाही, हे पाहिलेल्या माणसाला खर्रा ही किरकोळ सवय वाटत नाही. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा दारू-तंबाखू कमी करण्याचा कार्यक्रम चालतो. गावागावांतल्या बायकांनी त्यात जे केलं ते गोंदियातही करता येण्यासारखं आहे. पण घरातला उपाय एकच आहे आणि तो कठीण आहे. बापानं आधी सोडावा. "मी सोडतो, तू पण सोड," असं म्हणणाऱ्या बापाचं पोरगं ऐकतं. तोंडात खर्रा ठेवून दिलेलं भाषण ऐकत नाही.

खोली पाहायला जाताना पालक किराया, पाणी आणि कॉलेज किती लांब एवढं विचारतात. त्यात थोडी भर घालावी. विदर्भात कूलर हे उन्हाळ्यातलं मोठं संकट आहे. लोखंडी पत्र्याचा जुना कूलर, अर्थिंग नसलेली वायरिंग, आणि प्लग चालू ठेवून त्यात पाणी भरणारा ओल्या पायांचा मुलगा. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं गेल्याच्या बातम्या येतात. म्हणून खोलीत अर्थिंग आहे का, गळती झाली तर वीज तोडणारा स्विच बसवला आहे का, हे घरमालकाला विचारायला लाजू नये. कूलर प्लास्टिकच्या बॉडीचा घ्यावा, आणि पाणी भरताना प्लग काढायचा ही सवय मुलाला घरीच लावावी. न्हाणीत गॅसचा गिझर असेल तर खिडकी उघडी राहते का ते बघावं, बंद न्हाणीत त्या गिझरचा विषारी वायू माणसाला कळायच्या आत बेशुद्ध करतो. जिना एकच आहे का, गच्चीचं दार रात्री कुलूपबंद असतं का, आग लागली तर पोरं बाहेर कुठून येतील, हेही डोळ्यांखालून घालावं.

जेवणाबद्दल माझं मत असं, की पालकांनी पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवावेत. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. मुलगी खोलीवर राहायला गेली की त्यात भर पडते : सकाळी चहा-बिस्किट, दुपारी अर्धा डबा, रात्री मॅगी. आदिवासी वसतिगृहांत २०१८ मध्ये सरकारनं मेसऐवजी जेवणाचे पैसे खात्यात देण्याचं धोरण आणलं, तेव्हा विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं : पैसे वेळेवर येत नाहीत, आणि आले की ते आधी फॉर्मला, पुस्तकाला, घरी पाठवायला जातात, जेवण मागे पडतं. देवरीच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाच्या वसतिगृहांत मुलं ठेवणाऱ्या पालकांनी रक्कम जमा झाली का एवढंच विचारून थांबू नये, मुलगा जेवतो कुठे हेही विचारावं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप आणि उतरणारं वजन एकत्र दिसलं तर क्षयरोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, औषधंही फुकट मिळतात. एका खोलीत चौघं झोपतात तिथं उशीर चौघांना भोवतो.

कागदांचंही एक काम आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत आता महाराष्ट्रातल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण रेशनकार्ड गावात आणि मुलगा नागपूरच्या दवाखान्यात, अशी वेळ आली की धावपळ होते. रेशनकार्ड, आधार, रक्तगट, सिकलसेलचा रिपोर्ट, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, यांचे फोटो मुलाच्या आणि बापाच्या दोघांच्याही फोनमध्ये असावेत. शिवाय दोन-तीन हजार रुपये मुलाकडे 'आजाराचे' म्हणून वेगळे असू द्यावेत, ज्यांचा हिशेब मागायचा नाही. पैसे मागावे लागतील या संकोचापायी दवाखान्यात न जाणारी मुलं पुष्कळ आहेत.

यापुढचा विषय मनाचा. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या प्रश्नावर राष्ट्रीय कृतिदल नेमलं. जुलैमध्ये, विशाखापट्टणमला नीटची तयारी करताना मरण पावलेल्या मुलीच्या वडिलांच्या खटल्यात, सर्व शिक्षणसंस्था, कोचिंग आणि वसतिगृहांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. समुपदेशक, हेल्पलाइनचे फलक, गुणांवरून तुकड्या न पाडणं अशा त्या सूचना आहेत. मुलाच्या संस्थेत त्या लागू झाल्या का, हे विचारणं पालकांच्या हातात आहे.

घरात काय बोललं जातं ते त्याहून जास्त आपल्या हातात आहे. आपल्याकडे धानाचा भाव, बोनसची वाट, सोसायटीचं कर्ज, सगळं मुलांना पाठ असतं. त्यात "तुझ्यासाठी वावर गहाण टाकलं" हे वाक्य रागात निघून जातं. बापाच्या बाजूनं ते खरंच असतं. पण पुण्यात तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षा नापास झालेल्या मुलाच्या कानात ते रात्रभर वाजतं, आणि मग त्याला वाटतं आपण नसलो तर कर्ज तरी थांबेल. म्हणून कर्ज मुलापासून लपवू नका, पण त्याच्या अंगावर ते टाकू नका. परीक्षेला बसण्याआधीच दोघांनी मिळून ठरवावं : किती प्रयत्न, किती वर्षं, नाही झालं तर पुढं काय. दुसरी वाट आधीच बोललेली असली की नापास होणं एवढं भयानक राहत नाही.

मूल फोन घेणं टाळतंय, रात्र-रात्र झोपत नाही, सामान वाटून टाकतंय, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" असं बोलतंय, तर सरळ विचारावं : "जीव नकोसा वाटतो का?" असं विचारल्यानं विचार डोक्यात घातला जातो ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानं त्याला बोलायला जागा मिळते. उत्तर 'हो' आलं तर ओरडू नका, रडून त्यालाच सावरायला लावू नका, त्याला एकटं सोडू नका, आणि तिथं पोहोचेपर्यंत मित्राला जवळ बसवा. १४४१६ या सरकारी टेलिमानस हेल्पलाइनच्या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येतं, पालकांनाही. मानसोपचाराची गोळी म्हणजे वेडाची गोळी, हा समज आपल्या गावांत अजून आहे. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या बापाला तो खोडून काढणं कठीण जाऊ नये.

छळाबद्दल बोलताना दोन पालकांची आठवण ठेवावी लागते. मार्च २००९ मध्ये हिमाचलमधल्या वैद्यकीय महाविद्यालयात रॅगिंगमध्ये मारहाण होऊन अमन काचरू हा विद्यार्थी मेला. त्याचे वडील राजेंद्र काचरू गप्प बसले नाहीत. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे कडक नियम आले आणि १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन सुरू झाली. आज ॲडमिशनच्या वेळी मुलगा आणि पालक दोघंही ज्या रॅगिंगविरोधी हमीपत्रावर घाईत सही करतात, त्याच्या मागं हे मरण आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा रॅगिंगबंदीचा कायदा तर १९९९ चा, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्याच वयाचा. दुसरी आठवण जळगावच्या आबेदा तडवी यांची. त्यांची मुलगी डॉ. पायल, आदिवासी समाजातून आलेली पदव्युत्तर विद्यार्थिनी, २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात मरण पावली. वरिष्ठ डॉक्टर जातीवरून छळतात, हे तिनं आईला सांगितलं होतं, आणि कुटुंबानं ते वरपर्यंत कानावर घातलं होतं. आबेदाताई पुढं, आत्महत्या केलेला विद्यार्थी रोहित वेमुला याच्या आईसोबत, कॉलेजांतल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. या प्रकरणातून मी एकच गोष्ट घेतो : मूल असं काही सांगेल तेव्हा तक्रार तोंडी ठेवू नये. तारीख घालून लिहावी, ई-मेल करावी, पोच घ्यावी, प्रत ठेवावी. गोंडी, पोवारी बोलणाऱ्या घरातलं लेकरू इंग्रजीत अडखळतं तेव्हा हसण्यापासून सुरुवात होते, आणि ते "मस्करी करतात" एवढंच घरी सांगतं. त्या शब्दावर थांबून "म्हणजे काय करतात?" असं विचारायला हवं.

मुलींच्या बाबतीत घराची चूक ठरलेली आहे. कोणी पाठलाग करतो, शिक्षक नको ते बोलतो, असं मुलीनं सांगितलं की तिलाच परत आणतात. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षण हिचं बंद. म्हणून मुली सांगतच नाहीत. "काहीही झालं तरी तुझं शिक्षण थांबवणार नाही," हे वाक्य बापानं मुलीला निघण्याआधी बोलून दाखवावं, मनात ठेवून उपयोग नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं प्रत्येक कॉलेजात अंतर्गत समिती हवी. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते, पटण्याजोगं कारण असेल तर मुदत वाढते. फोटो पसरवण्याची धमकी देऊन पैसे मागणारे, झटपट कर्जाचे ॲप चालवणारे यांच्यासाठी १९३० हा सायबर क्रमांक आहे. आणि ऑनलाइन जुगार ही लांबच्या शहराची गोष्ट आहे असं गोंदियात कोणी समजू नये. २०२३ मध्ये अशाच एका फसवणुकीच्या प्रकरणात नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या घरावर छापा घालून कोट्यवधींची रोकड आणि सोनं जप्त केलं होतं. पोरानं पैसे हरलो असं कबूल केलं तर आधी नुकसान थांबवा. बोलायचं ते नंतर बोला.

पालकांना न पटणारी एक गोष्ट राहिली. अठरा पूर्ण झाले की मूल कायद्यानं सज्ञान असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार डॉक्टर त्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय सहसा पालकांना देत नाहीत. याच कायद्यात मूल आपला नामनिर्देशित प्रतिनिधी लिहून ठेवू शकतं, तो आई असेल, मामा असेल, मित्रही असेल. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठानं २०१८ मध्ये, काही विद्यार्थ्यांच्या मृत्यूनंतर, प्रवेश घेतानाच विचारायला सुरुवात केली : तुझी गंभीर काळजी वाटली तर घरच्या कोणाला कळवू का? दहांतल्या नऊहून अधिक मुलांनी हो म्हटलं. मुलं लपवायलाच बसलेली नसतात, त्यांना विचारून केलेलं हवं असतं. फोनमध्ये गुपचूप लोकेशन चालू करणारा बाप तेवढ्यापुरता निश्चिंत होतो. पण ज्या दिवशी पोराला ते कळतं, त्या दिवसापासून फोन खोलीवर ठेवून ते बाहेर जायला लागतं.

दिवाळीत मुलं परत येतात. गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार नाहीतर नाटक असतं, घर पाहुण्यांनी भरतं, आणि चार दिवस असे निघून जातात. त्यातली एक सकाळ प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ठेवावी : वजन, हिमोग्लोबिन, सिकलसेलची तपासणी राहिली असेल तर ती. एक संध्याकाळ बांधावर जावं. धान कापणीला आलेलं असतं. समोरासमोर बसून मुलं बोलत नाहीत, सोबत चालताना बोलतात. गुणांचं नंतर विचारता येईल. आधी हे विचारावं, की तिथं रात्री-बेरात्री काही झालं तर पहिला फोन कोणाला करशील? जे नाव येईल ते आपलं नसेल तरी वाईट वाटून घेऊ नये. त्या मित्राचा नंबर आपल्या फोनमध्ये लिहून घ्यावा, आणि पुढच्या वेळी डबा भरताना त्याच्यासाठीही थोडा चिवडा घालावा.